टिटवीचा फोटो

९ नोव्हेंबर

हो म्हणून बसले! जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. सुटत असलेली बस दिसली तरी मी पळत नाही, पुढचीची वाट बघते — आणि म्हणे एकवीस किलोमीटर धावणार! याला अर्धी मॅरेथॉन म्हणतात. अर्धी!

मुलांच्या इस्पितळाच्या निधीवाल्या बाई घरी आल्या होत्या. नव्या अतिदक्षता विभागात आठ खाटा घालायच्यात. "तुमची मुलगी तिथूनच बरी होऊन आली. आता तुमची पाळी." यावर नाही कसं म्हणायचं? हे तर बाईंचं वाक्य संपायच्या आत मान डोलवत होते. पळणार मी, मान यांची!

आमची लेक टिटवी आतल्या खोलीत गणितं सोडवत होती. बारा वर्षांची झाली आता. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

१५ नोव्हेंबर

पहाटे पेट्रोल पंपापर्यंत पळाले. पंपावरचा माणूस म्हणाला, "काय हो, कोणी मागं लागलंय का?"

३ डिसेंबर

चार किलोमीटर. कुणाला सांगणार नाही, पण आवडायला लागलंय. दिवसभर ड्रायक्लीनिंगच्या दुकानात वाफेच्या इस्त्रीपाशी उभं राहून पायांचे खांब होतात. पळताना ते पुन्हा पाय होतात.

दुकानात मालकीणबाईंनी काचेवर पोस्टर लावलंय. पाच वर्षांची टिटवी, नाकात नळी, उघड्या छातीवर गळ्यापासून खालपर्यंत टाके. खाली ठळक अक्षरांत — 'या हृदयासाठी आई धावतेय.' मी बघतच राहिले. फोटो वापरायला परवानगी कधी दिली? निधीवाल्या बाई फोनवर म्हणाल्या, तुमचीच सही आहे. असेल. ऑपरेशनच्या दारासमोर त्या दिवशी सहा कागद पुढे आले. साठ आले असते तरी सह्या केल्या असत्या.

संध्याकाळी टिटवी मला न्यायला आली. काचेसमोर थांबली. आत आलीच नाही.

१२ डिसेंबर

शाळेच्या जिन्यातही तेच पोस्टर. वर्गातल्या मुलींनी तिला बाथरूममध्ये गाठलं. "वर कर ना शर्ट. खरंच आहेत का बघू."

हे तिनं माझ्याकडे पाठ करून सांगितलं. शाळेत जाणार नाही म्हणते. मग म्हणाली, "तू पळ ना, आई. पण मला बरोबर घेऊन नको पळूस."

१३ डिसेंबर

निधीवाल्या बाईंना फोन केला. फोटो काढा म्हटलं. बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर सोपं होतं. "ताई, फोटो बघूनच लोक देतात हो. नुसत्या अक्षरांना कोण विचारतंय? आठ खाटा आहेत. आठ मुलं."

खाट नसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तेव्हा खाट मिळेपर्यंत दीड दिवस बाकावर काढला होता, पोर मांडीवर, ओठ निळे.

यांना सांगितलं तर, "एका फोटोचं काय घेऊन बसलीस? उपकार विसरायचे का?" याच माणसानं तिच्या खाटेशी एकोणीस दिवस खुर्चीत बसून काढलेत. म्हणून धड भांडताही येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर — आणि मी मधल्या कठड्यावर रोज पहाटे पळतेय.

२० डिसेंबर

टिटवी शाळेत गेली. गळ्यापर्यंत बटणं लावून.

११ जानेवारी

सोळा किलोमीटर. डावा गुडघा बोलायला लागलाय.

कोट टाकायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "मुलगी बरी आहे ना? बघायला मिळेल का?" जणू तिला मी काउंटरखाली ठेवलीय! हसून पावती दिली. स्वतःचीच लाज वाटली.

२८ जानेवारी

टी-शर्ट आले. छातीवर तोच फोटो, ताटाएवढा. चाळीस जण घालणार आहेत. हे तर लगेच आपला घालून आरशासमोर उभे राहिले. टिटवीनं खोलीचं दार लावून घेतलं. धाडकन नाही. हळूच. ते जास्त लागलं.

२ फेब्रुवारी

झालं एकदाचं!

सकाळी तो शर्ट घातला, गेले. सगळ्यांच्या छातीवर माझी पोर. कुणी केळी खातंय, कुणी पाय ताणतंय, आणि ती चाळीस ठिकाणी डोळे मिटून पडलेली. शौचालयात गेले, शर्ट काढला, उलटा करून घातला. शिवणी बाहेर, लेबल मानेवर.

बाहेर निधीवाल्या बाई. "ताई, शर्ट उलटा झालाय!"

"माहीत आहे."

"अहो, फोटोवाले थांबलेत!"

"थांबू देत."

एवढंच बोलले. तेवढ्यात भोंगा वाजला, मग पळण्याशिवाय इलाजच नव्हता.

चौदाव्या किलोमीटरला हे पाणी घेऊन उभे होते. माझ्याकडे बघितलं. चेहरा उतरला. पेला दिला. अठराव्याला गुडघा म्हणाला बास. उरलेलं अंतर लंगडत चालले. शेवटच्या रेषेशी हे होतेच — त्या रणरणत्या उन्हात शर्टावर स्वेटर चढवून!

घरी टिटवीनं बादलीत गरम पाणी काढलं. "किती वेळ लागला?"

"तीन तास दहा मिनिटं."

"गोगलगाय!" म्हणाली, आणि माझे पाय पाण्यात धरून बसली.

६ फेब्रुवारी

बाईंचा फोन. पोस्टरं उतरवणार आहेत. आवाज जरा फुरंगटलेला होता. आठही खाटा होणार, असंही म्हणाल्या. संपलं! आता वर्षातून एकदा तपासणीला जायचं, बाकी त्या दाराला रामराम. सुटले.

१२ फेब्रुवारी

तपासणीत निघालं — हृदयाची झडप पुन्हा आकसलीय. पंधरा दिवसांत ऑपरेशन. करतात फक्त त्याच इस्पितळात. परत येताना टिटवीला सांगितलं. तिच्या तोंडाकडे बघवेना.

"त्याच वॉर्डात?"

"हो."

थोडं चालली. मग म्हणाली, "मग ठीक आहे. तिथं सगळ्यांनाच टाके असतात."