टोर्केलच्या मनगटासाठी

३ नोव्हेंबर, सोमवार
टोर्केल गुरुवारी गेला. हृदय. अंत्यविधी २८ तारखेला. आमच्याकडे अंत्यविधीला तीन-चार आठवडे लागतातच, त्यामुळे घाई नाही. ठरवलं : त्याच्या हातात मैत्रीचा पट्टा बांधून पाठवायचं. १९८५च्या उन्हाळी शिबिरात त्याने मला भरतकामाच्या दोऱ्याचा पट्टा गाठी मारून करून दिला होता. माझा मी पुढच्या आठवड्यात देणार होतो. चाळीस वर्षं माझ्या वाढदिवसाला त्याचा फोन यायचा, "हाकान, पुढचा आठवडा आला का रे?"

४ नोव्हेंबर
सहा लडी आणल्या. तीन निळ्या, तीन पिवळ्या. दुकानातल्या बाईंनी विचारलं, नातीसाठी का. हो म्हणालो. मला मुलंसुद्धा नाहीत.

६ नोव्हेंबर
नियोजन. लांबी सोळा सेंटिमीटर. रोज एक. शनिवार-रविवारी दोन. एवढं सोपं काम इतकी वर्षं का राहिलं, कळत नाही.

९ नोव्हेंबर
तीन सेंटिमीटर. पट्टा सपाट बसत नाही, स्प्रिंगसारखा पिळला जातो. दोरा निकृष्ट आहे. उद्या तक्रार.

१० नोव्हेंबर
तक्रार केली. बाईंनी पट्टा उजेडात धरला. प्रत्येक गाठ दोनदा मारायची असते म्हणे. मी एकदाच मारत होतो. नातीलाच विचारा, असा सल्ला दिला. सगळं कापून पुन्हा सुरुवात.

१४ नोव्हेंबर
आनेलीचा फोन. टोर्केलची बायको. शवपेटीत काही ठेवायचं असेल तर २१ पर्यंत दे, नंतर झाकण लागतं, म्हणाली. जवळजवळ झालंय, असं सांगितलं. दोन सेंटिमीटर झालंय. शिवाय अशा मुदती पुढेमागे होतात.

१७ नोव्हेंबर
तीन वाजताच अंधार पडतो. यात माझा काय दोष?

२१ नोव्हेंबर
चार सेंटिमीटर. दिला नाही. अर्धवट देणं हा त्याचा अपमान. चर्चमध्ये विधीआधी स्वतःच बांधेन. झाकणाला स्क्रूच तर असतात. आनेलीला सांगितलं नाही. उगाच घाबरेल.

२७ नोव्हेंबर
साडेपाच सेंटिमीटर. टोर्केलचं मनगट बारीकच होतं. कोटाच्या खिशात पट्टा, दुसऱ्या खिशात स्क्रू ड्रायव्हर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
अर्धा तास आधी पोचलो. सगळे एक तास आधी आले होते. एकेकाने पुढे जाऊन पेटीवर गुलाब ठेवला. मी वाकलो तेव्हा स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. दगडी फरशी. पाद्रीबाई थांबल्या.

नंतर कॉफीच्या वेळी आनेली सँडविच केकची बशी घेऊन शेजारी बसली. विचारलं, कुठे काय उघडायचं होतं. सांगितलं. पट्टा दाखवला. तिने तो बोटाभोवती गुंडाळला. दोन वेढेही होईनात.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणायचा, मी मेलो की हा गाढव दोरा आणायला धावेल."

मग हसली, आणि बराच वेळ डोळे पुसत राहिली. मी केक खाल्ला. पेटीचं दहन होऊन राख मे महिन्यात पुरणार आहेत, बर्फ वितळून जमीन मऊ झाल्यावर. तोवर कर, म्हणाली.

मे म्हणजे पाच महिने. भरपूर. मध्ये माझा वाढदिवस येतो, पण आता फोन यायचा नाही, त्यामुळे व्यत्यय नाही.

घरी येऊन चार गाठी मारल्या. पाच सोडवल्या.