तुझ्या बाजूचा जोड

अहिल्यानगर
दि. ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय आराधना,

प्रभूमध्ये सलाम. तू, फिलिप आणि शारोन तिकडे सुप्याला सुखरूप असाल अशी प्रार्थना रोज संध्याकाळी नावं घेऊन करते. आम्ही दोघं ठीक आहोत. यांचा गुडघा थंडीत धरतो, एवढंच.

काल टेम्पोतून सामान आलं. चार इंची पाइप, वीस फुटी तीन, ४,८०० रुपये. बेंड चार, ४४०. सिमेंटच्या गोण्या तीन, १,०८०. चेंबरचं झाकण ६५०. आणि एक वाय, २४०. वाय म्हणजे तीन तोंडांचा जोड, दोन घरांचं पाणी एका पाइपात घेणारा. टेम्पोवाला भाड्याचे तीनशे मागत होता, अडीचशेवर आणला. हे सगळं माझ्या भिशीतून झालंय, यातलं तुमच्याकडे काही मागायचं नाही. वायचं मात्र तुला विचारायचं आहे. ते शेवटी लिहिते.

झालं असं, नाताळनंतर आपली शेजारीण बायडाबाई सकाळी दारात येऊन उभी राहिली. हातात तांब्या.
"कृपाबाई, ह्याचा वास घेऊन बघा. माझ्या हौदातलं पानी हाय. तुमच्या संडासाचं पानी झिरपून माझ्या हौदात येतंय. आता मी प्यायचं काय, ते तुमीच सांगा."
मी तांब्या नाकाला लावला आणि मान खाली घातली.

हे पालिकेत अर्ज देऊन आले. तिथला मुकादम येऊन बघून गेला. म्हणाला, "रस्त्यातलं चेंबर आमचं. तुमच्या घरापासून तिथपर्यंतचा पाइप तुमचा. तो तुंबला, फुटला, तरी दुरुस्ती तुमच्याकडेच."
हे चिडले. "मग इतकी वर्षं घरपट्टी भरतो ती कशाची?"
"रस्त्यातल्या लाइनची, साहेब. दाराच्या आतली लाइन घरवाल्यानेच बघायची असते. कधी साफ केली होती शेवटची?"
यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंगणाकडे पाहिलं.

मग छगन प्लंबरला बोलावलं. तो पाथर्डीकडचा, बोलायला तिखट पण हाताला प्रामाणिक. आल्या आल्या त्याने विचारलं, "वहिनी, मधलं चेंबर कुठंय? दोन्ही संडासांचं पानी एकत्र येतंय म्हंजी मधी चेंबर पाहिजेच."
मी म्हणाले, नाही. त्याने गज आणून फरशी ठोकून पाहिली. परत विचारलं. मी परत नाही म्हणाले. तेव्हा तो म्हणाला, "मग आख्खं अंगन फोडावं लागंल." तेव्हा कुठे मी त्याला तुमच्या बंद घराच्या पायरीजवळची फरशी दाखवली.

आराधना, तुझं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांची शवपेटी अंगणात ठेवायची होती. उपासनेला दोनशे माणसं यायची, पाळकसाहेब यायचे, आणि ऐन पेटीच्या जागी ते फुटक्या झाकणाचं चेंबर, वास मारणारं. मी कोपऱ्यावरच्या गवंड्याला धरून आणलं आणि तासाभरात झाकणावर सिमेंट ओतून शहाबादी फरशी बसवून घेतली. हे आणि फिलिप, दोघे भाऊ तेव्हा कबरस्तानात खड्ड्याचं बघत होते. आईची पेटी स्वच्छ जागी टेकली, याचं मला समाधान होतं. मग मी ते विसरून गेले.

छगनने फरशी उचलली. आत उतरला, दोन तास गाळ काढला. शेवटी घमेल्याएवढा सिमेंटचा गोळा दोरीने बांधून वर ओढला. फुटक्या झाकणातून खाली गळून घट्ट झालेलं ते सिमेंट. त्याच्यावर सगळं अडत गेलं, आणि दाबाने पुढचा जुना पाइप फुटला.
मी त्याला विचारलं, "डायपर वगैरे काही?"
"एक सुदीक न्हाई, वहिनी. हे दगडच हाय सगळं."

वर मी 'विसरून गेले' असं लिहिलंय. ते खरं नाही. कागद कोरा आहे, नव्याने लिहिता आलं असतं. पण ते वाक्य तू वाचावंस म्हणून तसंच ठेवते.

शारोनच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तुझ्या मोरीतून घाण वर आली, पाहुणे ताटावर बसलेले होते, तेव्हा मला त्याच क्षणी ती फरशी आठवली. अगदी लख्ख. पण ती फोडायची तर मी काय केलं ते सगळ्यांना सांगावं लागलं असतं. सासूबाईंच्या पेटीखाली मी काय झाकलं ते. म्हणून महिला मंडळाच्या सगळ्या बायांसमोर मी मोठ्याने म्हणाले, "आजकालच्या मुलींना लाड, डायपर टाकतात संडासात." तू म्हणालीस, "ताई, मी एकही टाकलेला नाही, पिशवीत बांधून कचऱ्यात देते." मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तू ओल्या बाळंतिणीसारखी अशक्त होतीस, पोरीच्या पांढऱ्या झग्याला घाण लागली होती, आणि तू एकटीने रात्रीपर्यंत मोरी धूत बसलीस. महिन्याभरात तुम्ही कुलूप लावून गेलात. लोकांना मी सांगितलं, फिलिपला कंपनी जवळ पडावी म्हणून.

पाच वर्षं झाली.

गेल्या गुरुवारी मंडळात मी उभी राहून साक्ष दिली. सगळं सांगितलं, चेंबरपासून डायपरपर्यंत. कडूबाई आपल्या जागेवरून म्हणाल्या, "आमाला काय सांगती? आमच्या मोरीत आलं हुतं का पानी? जिच्या आलं तिला सांग." तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. म्हणून हे पत्र.

आता कामाचं. जुना पाइप तुझ्या पुढच्या खोलीखालून रस्त्याला जातो. छगन म्हणतो, तिथूनच नवा टाकला तर बावीस फुटांत भागतं. हे म्हणाले, "भावाचंच घर आहे, कुलूप तोडू." मी नाही म्हणाले. ती निळी फरशी तू शिकवण्यांच्या पैशांतून बसवलीस, तिला माझ्या हातून आणखी धक्का लागणार नाही. पाइप माझ्या स्वयंपाकघराखालून फिरवतेय. छगनने ढाळ मोजला, बसतोय. ओटा फोडलाय, शेगडी पडवीत मांडलीय, भाकरीला धूळ लागते. लागू दे. बायडाबाईंचा हौद घासून दिला आणि पाइप होईपर्यंत आमच्या नळाचं पाणी मीच त्यांच्या दारात नेऊन देते.

वायचं एवढंच. एक तोंड माझ्या बाजूचं, एक रस्त्याकडे जाणारं, आणि तिसरं तुझ्या बाजूचं. यांचं म्हणणं, "ते आता येत नाहीत. बूच मारून टाक, कशाला उगाच जोडायचं?" छगन तर बूच खिशात घेऊनच आला होता. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. माझ्याकडे आहे, डब्यात ठेवलंय.

तू ये असं मी म्हणू शकत नाही, मला तो हक्क उरलेला नाही. पण घर तुझं आहे आणि त्यातून निघणारा पाइप तुझा आहे. तो बंद करायचा की जोडायचा, हे मी ठरवणार नाही आणि हेही ठरवणार नाहीत. जोडायचा म्हणालीस तर तुझा संडास आतून उघडावा लागेल, तेव्हा किल्ली तूच आणायला हवीस. टपालाने पाठवू नकोस.

पुढच्या गुरुवारपर्यंत, म्हणजे २० तारखेपर्यंत, तुझ्या पायरीजवळचा चर उघडा ठेवते. त्यावर फळी टाकलीय, कुणी पडणार नाही. सोबत तिकीट लावलेलं पाकीट घातलंय. पत्र लिहायचं नसेल तर कोऱ्या कागदावर एकच शब्द लिही, पण उलट टपाली कळव.

जिला तू ताई म्हणायचीस ती,
कृपा