आमच्या मजल्यावर विजेची अडचण नाही

मुनिरका, नवी दिल्ली
१४ जून

ती. अण्णासाहेबकाकांना कादंबरीचा साष्टांग नमस्कार. (उकाड्याने फरशीवर आडवी पडूनच लिहिते आहे, तेव्हा साष्टांग अक्षरशः समजावा.) तुमचं बीपी आणि सुनंदाकाकूचा मोगरा, दोन्ही ठीक असतील. आईची तब्येत बरी म्हणायची. ऑक्सिजनचं मशीन दिवसातून आठ तास लावा, असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि मशीन घरात आहे. इतकं खरं.

तुम्ही साताऱ्यात सगळ्यांना सांगता, की पुतणी दिल्लीत गरिबांच्या विजेवर संशोधन करते. ते संशोधन ऐका. आमच्या मजल्यावर खोल्या चार आणि चारींत मिळून वायर एक. मालक सिलिंडर ठेवू देत नाही, म्हणून सगळ्यांचा स्वयंपाक इंडक्शनवर. मशीन आणि इंडक्शन एकदम लावलं की अख्खा मजला बंद, आणि खटका खाली मालकाच्या कुलपात. (मालक गुडगावात.) त्यामुळे लावण्याआधी जिन्यातून हाक मारून विचारायची पद्धत आहे. शेजारच्या विजयाचं बाळ सहा महिन्यांचं. ती "आंटी, दूध गरम कर लूँ?" म्हणाली की आई "हाँ हाँ, बिल्कुल" म्हणत नाकातली नळी काढून ठेवते. मग पलीकडचा भात, त्याच्या पलीकडची डाळ. आईची भीड तुम्हाला ठाऊकच आहे. आठ तासांचे तीन होतात, हे मागच्या आठवड्यात मी लवकर घरी आले तेव्हा कळलं.

पुढे कहर आहे. एप्रिलात आमच्याच संस्थेने मुनिरक्यात पाहणी केली. फॉर्म मी बनवलेला. सातवा प्रश्न, घरात विजेची काही अडचण? पाहणीवाली मुलगी आली तेव्हा मी ऑफिसात. आईने तिला बसवलं, कोकम सरबत दिलं, आणि आल्यागेल्यासमोर घरचं उणं काढू नये या शिस्तीने सांगितलं, कुछ तकलीफ नहीं. वर शेजाऱ्यांच्या वतीनेही तेच सांगून टाकलं. काल एका हॉटेलच्या गारठलेल्या सभागृहात (मला शाल मागून घ्यावी लागली) मी स्वतः वाचून दाखवलं, की या वस्तीतलं विजेचं दारिद्र्य संपल्यात जमा आहे. तक्त्यात 'अडचण नाही'च्या रकान्यात आमच्या घराचा नंबर दिसला, तरी वाचत गेले. टाळ्या पडल्या. स्वतःची लाज वाटते, काका.

तुमची पुतणी,
कादंबरी

ता.क. खरं काम हे. एका खोलीत फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्र. आईला मशीनसकट साताऱ्याला घेऊन जा. काकूचा गुडघा दुखतो, हाताशी कोणी हवं, असं तिला कळवा. मुलीने धाडलं असं तिला वाटता कामा नये.

ता.क. २. भाऊजी, मी वहिनी लिहिते आहे. कादंबरी घाईत पाकीट टेबलावर विसरून गेली. तुमचं नाव दिसलं म्हणून उघडलं, आता मीच पोस्टात टाकते. मशीन चालावं म्हणून पोर पंखा बंद करून झोपते, मी निघाले की लावेल तरी. सुनंदाचा गुडघा दुखतो असं जरूर कळवा. मी खरं मानीन.