वेळ घ्या, हॅवर्ली बाई

बेल्स क्रॉसिंग, जॉर्जिया
रविवार, चर्चहून आल्या आल्या, डोक्यावरची हॅट न काढता

तीर्थरूप ओपल ताईस,

धाकट्या अर्नेस्टीनचा वाकून नमस्कार. (कमरेच्या दुखण्यामुळे वाकणं फक्त कागदावरचं, पण मनापासूनचं.) तुझा गुडघा कसा आहे? तिकडे मिलवॉकीत थंडी पडली असेल, तेव्हा लोकरीचा पट्टा बांधत जा. मागच्या नाताळात पाठवलेला, जांभळा. रंगामुळे बांधत नाहीस हे मला ठाऊक आहे. इकडे सगळं क्षेमकुशल आहे. अंगणात पेकनचे अक्रोड पडायला लागलेत, त्यातले चांगले खारी नेतात आणि किडके माझ्यासाठी ठेवतात. आणखी एक किरकोळ बातमी म्हणजे तुझ्या बहिणीला सरकारी इमारतीतून पोलिसाने दंडाला धरून बाहेर काढलं. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. उलट इतकं हसले की कमरेला आतून बांधलेल्या पट्ट्याचं बक्कल तुटलं.

आता हे सुरुवातीपासून सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील, ‘टीनीने पुन्हा काहीतरी घोळ घातला.’ माझी नात डेलिशा तुला माहीतच आहे. तिची आई अटलांटाच्या इस्पितळात रात्रपाळी करते म्हणून पोर माझ्याकडे असते. तेरा वर्षांची झाली, उंची ताडमाड आणि डोकं असं की दुकानात मी पिशवी उघडेपर्यंत हिचा हिशेब होऊन मोडही सांगून झालेली असते. तान्ही असल्यापासून ती माझ्याशेजारी पहिल्या बाकावर बसते, आणि आपल्या चर्चमध्ये पहिल्या बाकाचं काम काय हे तुला आठवत असेलच. (नसेल आठवत तर तुझ्या त्या शांत चर्चचा दोष. तिथे मी पाहुणी आले होते तेव्हा एकदाच, तेही बेताच्या आवाजात, ‘आमेन’ म्हटलं, तर पुढच्या गृहस्थांच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक खाली पडलं आणि तू मला असा चिमटा काढलास की त्याचा वळ जॉर्जियापर्यंत आला.) आपल्याकडे पाद्रीबाबा वाक्यात अडकले, की त्यांना तिथे एकटं सोडायची पद्धत नाही. ‘वेळ घ्या, बाबा,’ म्हणायचं. गाडी रुळावर आली की ‘हां, सांगा!’ म्हणायचं. आणि मुद्दा हाती लागला की हात वर करून ‘आलं, देवा, आलं!’ असं सगळ्यांनी म्हणायचं. गप्प बसलात तर त्याचा अर्थ बिचाऱ्याचं प्रवचन पडलं.

तर गेल्या वर्षी सातवीच्या वर्गावर गणिताला नवी बाई आली. हॅवर्ली बाई. गोरी, उत्तरेकडची, वयाने एवढीशी आणि आवाज तर त्याहून एवढासा. पहिल्या दिवशी फळ्यावर ‘क्ष’ काढला आणि त्याच्याकडे पाहून स्वतःच दचकली. वाक्य अर्ध्यावर लटकलंय, पोरं खिदळताहेत. आमच्या पोरीला काही ते बघवेना. ती आपली सवयीने, पहिल्या बाकावरून, मायेने म्हणाली, “वेळ घ्या, बाई.” बाई गोंधळल्या, पण खडू थांबला नाही. “हां, सांगा!” बाईंनी पुढची ओळ लिहिली. आणि जेव्हा बरोबरच्या चिन्हापलीकडून क्ष एकटा, सुटा, स्वच्छ बाहेर आला, तेव्हा डेलिशाने दोन्ही हात वर करून “आलं, देवा, आलं!” म्हटलं आणि आपल्या वस्तीतल्या सगळ्या पोरांनी बाकं बडवली. ताई, मी म्हणते, गणिताला कधी एवढा मान मिळाला होता का?

नेमके त्याच वेळी बाहेरून उपमुख्याध्यापक स्टॅन्सिल साहेब चालले होते. त्यांनी दार उघडलं, डेलिशाला बाहेर काढलं आणि तिच्या नावावर शेरा मारला, ‘शिक्षकांचा अनादर.’ पुढच्या वेळी ‘वर्गात गोंधळ.’ त्याच्या पुढच्या वेळी ‘इतरांना चिथावणी.’ आता त्या शाळेचा नियम असा की तीन शेरे झाले की आठवीच्या बीजगणिताच्या खास वर्गाचं दार बंद. आणि तो वर्ग मिळाला नाही तर हायस्कूलात पुढचं गणित नाही, पुढचं गणित नाही तर पूल बांधणाऱ्यांचं कॉलेज नाही. पोरीला पूल बांधायचेत. का, तर आपल्या ओढ्यावरचा पूल दर पावसात वाहून जातो आणि तिची शाळेची बस वळसा घालून जाते. हेच एक कारण, पण पक्कं. परीक्षेत ती सगळ्या इयत्तेत पहिली आणि वर्गाबाहेरही तीच.

मी स्टॅन्सिल साहेबांना भेटायला गेले. (निळी हॅट घालून. लाल हॅट मी भांडायला ठेवलेली असते.) जाताना वाटेत त्या खास वर्गाच्या दारातून डोकावले. शाळेत निम्मी मुलं आपली, काळी, पण त्या वर्गात ती ताकातल्या मोहरीइतकी. पुढे शिक्षेची खोली लागली, तिथे मात्र आपल्या वस्तीची वार्षिक सभाच भरलेली! मला पाहून चौघांनी उठून “नमस्कार, अर्नेस्टीन आजी” म्हटलं. अनादराच्या शिक्षेवर बसलेली पोरं, आणि उठून उभी राहतात. मी हसत हसत त्यांना बसायला सांगितलं आणि पुढे निघाले.

साहेबांच्या उजव्या हाताच्या बोटाला हे एवढं बँडेज होतं. मी आपुलकीने विचारलं, काय लागलं? तर ते म्हणाले, कोल्टनने गंमत केली. कोल्टन म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांचा नातू. त्याने तळ्यातलं चावरं कासव आणून साहेबांच्या टेबलाच्या खणात ठेवलं होतं, आणि साहेबांनी पेन घ्यायला हात घातला.

“मग त्याला काय शिक्षा केलीत?” मी विचारलं.

“शिक्षा कसली? मुलाला निसर्गाची ओढ आहे, बाई. त्याला आम्ही खास वर्गात घेतलंय.”

“आणि माझ्या नातीने काय ठेवलं होतं तुमच्या खणात?”

“तिचा सूर, बाई. प्रश्न सुराचा आहे.”

ताई, मी त्या बोटाकडे बघत राहिले. कासव चावलेल्या बोटाने माझ्या पोरीच्या सुरावर शेरा लिहिणारा माणूस! मला राग यायला हवा होता, पण मला त्या कासवाचाच इतका अभिमान वाटला की मी तिथेच फिसकन हसले. (घरी येऊन मात्र भेंडी चिरता चिरता रडले, हेही लिहिते. तुझ्यापासून काय लपवायचं.)

शेवटी प्रकरण शिक्षण मंडळाच्या बैठकीत गेलं. आमचा पहिला बाक सगळाच्या सगळा निघाला, हॅटांसकट. निघण्याआधी लुएलाबाईंच्या ओसरीवर खलबत झालं. (लुएलाबाई म्हणजे आमच्या बाकाच्या सेनापती, आवाज असा की पाद्रीबाबाही जपून श्वास घेतात.) ठरलं असं की कुणी म्हणजे कुणी तोंड उघडायचं नाही. पोरीवर आरोपच आवाजाचा, तेव्हा आपण आवाज केला तर संपलंच. उपाय म्हणून प्रत्येकीने तोंडात पेपरमिंटची गोळी धरायची आणि ती विरघळेपर्यंत देवाचं नाव मनातल्या मनात घ्यायचं. आम्ही बसलो अशा, की तुझं चर्चही आमच्यापुढे बाजार वाटावं. शेजारी डेलिशा, पांढऱ्या ब्लाऊजमध्ये, हाताची घडी घालून.

आधी एक गृहस्थ उठले, फुटबॉलच्या मैदानावरच्या गवताबद्दल. ते ओरडले, खुर्चीवर चढले, त्यांनी टोपी भिरकावली, ती पाण्याच्या भांड्यावर बसली. अध्यक्ष विंगेट साहेब त्यांना म्हणाले, “तुमच्यासारखे जागरूक पालक हीच आमची शक्ती.” आम्ही गोळ्या चघळत होतो.

मग हॅवर्ली बाईंना बोलावलं. ती एवढीशी बाई उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात अडकली. “मी... म्हणजे डेलिशा... म्हणजे मला...” आणि पुढे काही नाहीच. सभागृह गार. ताई, ते ऐकणं किती अवघड असतं तुला आठवतंय का? माणूस भर सभेत वाक्यात बुडतोय आणि काठावर कुणी हात देत नाही! माझी गोळी दाताखाली कडकन फुटली. तेवढ्यात लुएलाबाईंचा आवाज आला, अगदी मऊ, “वेळ घे, लेकरा.”

विंगेट साहेबांनी हातोडा आपटला. पण हॅवर्ली बाईंनी मान वर केली होती. त्या म्हणाल्या, “माझा अनादर झाला असं मी कधीच म्हटलं नाही. मला कुणी विचारलंच नाही.”

“हां!” हे मी. हातोडा.

“मी नोकरी सोडून घरी जायला निघाले होते. बॅगही भरली होती.”

“सांग, लेकरा!” हेही मी. हातोडा.

“त्या वर्गात एकच मुलगी होती जिला मी वाक्य पूर्ण करावं असं वाटत होतं. तिला तुम्ही बाहेर काढलंत. कासव आणणाऱ्याला आत घेतलंत.”

आता तूच सांग, यावर कोण गप्प बसेल? मी उठले, दोन्ही हात वर केले आणि “आलं, देवा, आलं!” म्हटलं. मागोमाग अख्खा बाक, हॅटांची पिसं हलवत. गवतवाले गृहस्थही टाळ्या वाजवत होते, कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं. विंगेट साहेबांनी हातोडा असा हाणला की त्याचं मुंडकं निसटून स्टॅन्सिल साहेबांच्या मांडीवर पडलं. मग त्या पोलिसाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. (आपल्याच चर्चचा ट्रॉय. “माफ करा हं, अर्नेस्टीन आजी,” असं चारदा म्हणाला, मला बाकावर बसवलं आणि दार फटीएवढं उघडं ठेवून स्वतः छताकडे बघत उभा राहिला.) त्या फटीतूनच मी निकाल ऐकला. तिन्ही शेरे रद्द. डेलिशाला खास वर्गात जागा. मी कॉरिडॉरमध्ये खदखदून हसत नाचले, ट्रॉयने मला थांबवलं नाही, आणि बक्कल तुटलं ते तिथेच.

तर असं सगळं छान झालं. पोर रोज बीजगणिताला जाते आणि कोल्टनशेजारी बसते. (कासव शाळेमागच्या तळ्यात सोडलं. तब्येत उत्तम.) गुडघ्याला जप. भावोजींच्या कबरीवर माझ्या नावाने फुलं ठेव. लुएलाबाई तुला खूप खूप विचारतात.

तुझीच धाकटी,
अर्नेस्टीन

ता. क. निकालातलं थोडं सांगायचं राहिलं. आमच्या बाकावरच्या प्रत्येकीला वर्षभर शाळेच्या आवारात पाऊल ठेवायची बंदी आहे. आणि या नाही, पुढच्या गुरुवारी संध्याकाळी खास वर्गातली मुलं आईबापांसमोर फळ्यावर एकेक गणित सोडवून दाखवणार आहेत. डेलिशाच्या आईला रजा नाही. घराण्यात बंदी नसलेली अशी एक तूच उरलीस. त्याच्या आदल्या दिवशीची, बुधवारची बस पकड, मी थांब्यावर मक्याचा पाव घेऊन उभी राहीन.

आणखी ता. क. निकालाला एक अटही होती. जागा मिळेल, पण मुलीने वर्गात शांत बसायचं. तिने अट मान्य केली. ताई, ती नुसती वर्गात शांत नाही, ती सगळीकडेच शांत झालीय. आज पाद्रीबाबा वाक्यात अडकले. मी तिच्याकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून खाली बघत होती. घरात भांड्यांचा आवाज येतो आता, पूर्वी तिच्या बडबडीत तो ऐकूच यायचा नाही. आम्ही जिंकलो असं सगळ्यांना सांगत फिरते, आणि रात्री मला झोप लागत नाही.

अगदी शेवटचं. गुरुवारी ती फळ्यापुढे उभी राहील, पाठमोरी, आणि मध्येच थांबेल. ती थांबतेच, विचार करायला. तिथे सगळे आईबाप गार बसलेले असतील, तुझ्या चर्चसारखे. तेव्हा तुला काय म्हणायचं ते तुला येतं, ताई. लहानपणी माझ्याआधी तूच म्हणायचीस, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने. त्यांनी तुलाही बंदी घातली तर घालू देत, तू परत मिलवॉकीलाच जाणार आहेस. हॅट तुला आवडेल ती घाल. पेपरमिंटची गोळी मात्र तोंडात ठेवू नकोस.