अंगणात काढलेले साठ अंश

पेडणे,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रुद्रेश,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडली तरी आईंचा गुडघा यंदा फार कुरकुरत नाही. तुळशीचं लग्न बुधवारी झालं. चिंचा-आवळे परसातलेच, ऊस तेवढा म्हापशाहून आणला. सगुण या आठवड्यात मुंबईला तुझ्याच जहाजावर चढणार आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर बोलताना तुझ्यामागे केबिनमधली माणसं असतात आणि माझ्यामागे आई.

तुझी अकरावीची शिकवणी मी चालवते आहे, ठाऊकच आहे तुला. सध्या त्रिकोणमिती. बी.एस्सी.नंतर मी तिला हात लावला नव्हता. तीस, पंचेचाळीस, साठचा तक्ता पाठ होता, त्यावर भागत होतं. परवा शेजारच्या तनयाने विचारलं, साइन एकशेवीस किती? तक्त्यात ते नाही, आणि काटकोन त्रिकोणात तो कोन मावतच नाही. उद्या सांगते म्हटलं आणि रात्रभर तुझी पुस्तकं चाळली.

तुळशीच्या लग्नासाठी सारवलेल्या अंगणाचा मधला भाग अजून कोरा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे खिळा ठोकला, त्याला सुंभ बांधला आणि रांगोळीने वर्तुळ काढलं. त्रिज्या एक, असं म्हटल्याबरोबर तनया म्हणाली, एक म्हणजे किती? मीटर? मी म्हटलं, सुंभ जेवढा लांब, त्यालाच आपण एक म्हणायचं.

साठ अंशांवर परिघावर खूण केली. खिळा, उजवीकडचं टोक आणि ती खूण जोडली, तर तिन्ही बाजू सुंभाएवढ्याच. त्यामुळे खुणेपासून खाली टाकलेला लंब बरोबर मध्यावर पडला. कोसाइन अर्धा. उंचीसाठी एकातून अर्ध्याचा वर्ग, म्हणजे पाव, वजा केला, तीन चतुर्थांश राहिले, त्याचं वर्गमूळ काढलं. तीनचं वर्गमूळ भागिले दोन. तनयाने मोबाइलवर ०.८६६ काढून दाखवलं. मी ते लिहू दिलं नाही. तू सांगायचास ना, दशांश कुठेतरी तोडावा लागतो, मूळ तसंच ठेवलं तर काही तुटत नाही.

मग मी खिळ्यातून एक उभी रेघ ओढली, तर ती स्वतःच तिच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, एकशेवीस हांगा. उंची तीच, फकत आपण दावीकडे गेलो." साइन तोच, कोसाइन उणे अर्धा. दर आठवड्याला गणित सोडते म्हणणारी मुलगी ही! दोनशेचाळीस आणि तीनशेसुद्धा तिनेच काढले. मला इतका आनंद झाला की तुला सांगायला मागे वळले.

सोप्यावर आई तांदूळ निवडत होत्या.

जाताना तनयाने विचारलं, "बाई, सर परत येतले मगो?" मी रांगोळीच्या डब्याचं झाकण लावत राहिले. ते नीट बसत नव्हतं. शेवटी आईच म्हणाल्या, "येतलो, येतलो. तू घरा वच, काळोख पडटा."

मुलं आपणहून येत राहिली, असं मी तुला सांगितलं होतं. तसं नव्हतं. तू गेलास त्या आठवड्यात मी घरोघर फिरले, त्यांच्या आयांशी बोलले. बॅच मोडली असती तर तुला परत यायला इथे काही उरलं नसतं, अशी भीती बसली होती मनात.

मागच्या रविवारी तू विचारलंस, आणखी एक करार घेऊ का? तुला बरं वाटेल ते कर म्हणाले आणि फोन आईंकडे दिला. ते उत्तर नव्हतं. घेऊ नकोस. शाळेने तुझी कंत्राटी जागा बंद केली, ती पुन्हा निघेलच असं नाही. पैशांची ओढाताण होणार, ती मला दिसते आहे. तरीही मार्चमध्ये हा करार संपला की ये. दहावी मी घेईन, अकरावी-बारावी तू घे. दिवसभर शिकवून दमू, कधी भांडूही. तुझ्याशी भांडूनसुद्धा किती महिने झाले.

आईंना हे पत्र वाचून दाखवलेलं नाही. तू मात्र सावकाश वाच.

तुझी वाट बघते, आणि बघते असं आज म्हणते आहे,
रेश्मा