कागदावरचं वय

चि. धाकटे,

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीच्या पायांचं, म्हणजे तूच लिहिलंस.

मी मजेत आहे. चाळीस वर्षं बायकांची पोलकी शिवली, आता इथे परदेशात इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालते. चादर बरी, गळा मोठा झाला म्हणून परत येत नाही.

एक घोळ झालाय. सहासष्ट वर्षांच्या म्हातारीला कोण ठेवणार, म्हणून अर्जात मी चोपन्न सांगितलं होतं. परवा कंबर धरली, तर मुकादमबाईला म्हटलं, "वय झालं, आता घरी सोडा." ती हसली. "मावशी, चोपन्न म्हणजे काय वय? साठीपर्यंत करार आहे." करार पुरा केल्याशिवाय परतीचं तिकीट नाही. खरं सांगितलं तर खोटारडी म्हणून हाकलतील, तेही तिकिटाशिवाय.

माझ्या नातवंडांना यातलं काही सांगू नकोस. आजीचं काम इथल्या लोकांना आवडतं म्हणून सोडत नाहीत, असं सांग. तुझ्या डोळ्याचं काय झालं?

इथल्या कागदाप्रमाणे तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठी झालीस. म्हणून यंदा मीच वाकून नमस्कार करते. आशीर्वाद दे, आणि मी येईपर्यंत मरू नकोस.

तुझी ताई