डाव्या कानाचं वर्तमान

ती. ताईस,

धाकट्याचा दंडवत. (दंडवत कागदावरच घालतो आहे. खरोखरचा घातला तर उठवायला माणसं लागतील, आणि घरात मला धरून एकच माणूस आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? तुझे जावईबापू वेळेवर घरी येतात ना? तुझं मागचं पत्र पोचलं. भाचीचं अक्षर तुझ्याहून बरं आहे यात वाद नाही, पण तू सांगतेस ते सगळं ती लिहीत नाही असा मला दाट संशय आहे. तू इतकं थोडं आयुष्यात कधी बोलली नाहीस.

पत्रास कारण माझा डावा कान. (उजव्याचं पुढे येईल. तो वेगळा अध्याय आहे.) आपलं फोनवरचं बोलणं बंद पडलं ते या दोघांच्या कृपेनेच. तू तिकडून ओरडायचीस, मी इकडून "काय?" म्हणायचो, तू आणखी जोरात ओरडायचीस, मग तुला खोकला यायचा, आणि तेवढा खोकला मात्र मला स्वच्छ ऐकू यायचा. शेवटी तुमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी जावईबापूंना गाठून तुमच्याकडे सारखी भांडणं होतात का म्हणून विचारलं, आणि आपण मुकाट पत्रांवर आलो. मी मनाची समजूत घातली होती की एवढी वर्षं छापखान्यात यंत्राला खेटून उभा राहिलो, त्याने कान खाल्ले, आता गेलेले कान काही परत येत नाहीत. पण महिन्यामागे दार वाजवून वाजवून गॅसवाला परत गेला आणि मी दाराच्या अलीकडे चहा पीत बसलो होतो, हे शेजारणीने मला कागदावर लिहून कळवलं. तेव्हा म्हटलं, एकदा दाखवून तरी येऊ.

आमच्या गल्लीच्या टोकाचा दवाखाना तू पाहिला आहेस. तिथले म्हातारे डॉक्टर आता घरी बसले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आला आहे. मुलगा हुशार आहे, चेहरा लहान आहे, म्हणून बहुधा मिशी ठेवली आहे. बाहेरच्या खोलीत बाकं तीच, वजनाचा काटाही तोच (अजून सगळ्यांना थोडं थोडं जास्त दाखवतो), पण भिंती नव्या पाट्यांनी भरून गेल्या आहेत. पाणी उकळून प्या. हात धुवा. कानात काडी घालू नका. आणि सर्वांत मोठी पाटी: डॉक्टरांपासून काही लपवू नका, सगळं मोकळेपणाने सांगा. ही शेवटची पाटी मी फारच मनावर घेतली, आणि तिथेच माझा घात झाला.

पण घात व्हायला आधी आत जायला हवं. काउंटरवर नावं पुकारायला एक बाई बसतात. त्यांना मी मनातल्या मनात हळूबाई म्हणतो, कारण त्या नाव पुकारतात ते स्वतःच्या पदराला सांगितल्यासारखं. बहिऱ्या माणसाने कान दाखवायला जावं आणि त्याला आत बोलावणारी बाई अशी असावी! पहिल्या दिवशी मी त्यांच्या ओठांकडे टक लावून बसलो. दोन-चारदा माझंच नाव घेतलं असं वाटून उठलो, एकदा तर थेट मलमपट्टीच्या खोलीत पोचलो आणि दुसऱ्याच कुणाचं इंजेक्शन थोडक्यात हुकलं. शेवटी बाकं रिकामी झाली, दिवे मालवायला सुरुवात झाली, तेव्हा हळूबाई माझ्यापाशी आल्या आणि मी कोणत्या पेशंटबरोबर आलो आहे असं हाताने विचारू लागल्या.

दुसऱ्या खेपेला मी काउंटरला चिकटूनच बसलो, आणि आत गेलो. आता ऐक. डॉक्टर समोर कागद ओढून खाली बघत बोलतो, म्हणजे ओठही दिसत नाहीत. त्याने काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं, "कपाट साफ होतं का?" मला जरा नवल वाटलं. पण म्हटलं, नवी पद्धत असेल, धूळबीळ कानात जाते का हे बघत असतील. शिवाय बाहेर पाटी होती. मी मोकळेपणाने सांगितलं, की नाही हो, वर्ष झालं, हातच लावलेला नाही. डॉक्टरने मान वर केली. मी पुढे सांगितलं, की खालचं कधीमधी थोडंफार होतं, पण वरचा भाग तर ही गेल्यापासून तसाच भरून आहे, उघडायचं धाडसच होत नाही. डॉक्टरचा चेहरा पडला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला (मला वाटलं, किती मायाळू आहे!) आणि पुड्या लिहून दिल्या. कानाचं औषध पोटातून घ्यायचं, हे मला पटलं. आजकाल सगळं मुळापासून बरं करतात ना? मी रात्री पुडी घेतली, आणि बाटलीवर... म्हणजे पाकिटावर लिहिलं होतं त्याहून थोडी जास्त घेतली, कारण कान दोन आहेत. ताई, दुसरा अख्खा दिवस मी कुठे काढला हे मोठ्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरने पोटाचं विचारलं होतं.

तिसऱ्या खेपेला तिथल्या नर्सबाईंनी मला वाचवलं. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. मला ते जड जातं, सिस्टर मला एकच आहे. पण या बाईला म्हणायला हरकत नाही अशी ती आहे. तिने माझ्यासमोर खुर्ची ओढली, माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश विचारलं, की काका, दुखतंय काय? मी कानावर बोट ठेवलं. ती एवढी हसली की मलाही हसू आलं. मग तिने बॅटरी लावून आत पाहिलं आणि डॉक्टरला बोलावलं, दोघांनी आळीपाळीने पाहिलं, आणि निकाल असा लागला, की डाव्या कानात मळाचा दगड झाला आहे. आधी थेंब घालून तो मऊ करायचा, मग पाणी मारून काढायचा. तोवर काडी नाही, पिन नाही, किल्ली नाही. (किल्लीचं त्यांना कसं कळलं कोण जाणे.)

थेंब घालायचे म्हणजे कुशीवर पडायचं, कान वर करायचा आणि थेंब आत उतरेपर्यंत हलायचं नाही. हे काम एकट्या माणसाचं नव्हे. पहिला थेंब डोळ्यात गेला, दुसरा उशीत. तिसरा जागेवर पडला, आणि मग नुसतं पडून राहायचं. असं पडून राहिलं की काय होतं तुला माहीत आहे? लहानपणी माझा कान ठणकायचा तेव्हा तू पोळ्या टाकता टाकता तवा उतरवून यायचीस आणि गरम तळवा कानावर दाबून धरायचीस. हाताला कणकेचा वास यायचा. आणि मला झोप लागावी म्हणून तू काहीतरी बोलत राहायचीस, कान झाकलेला असल्यामुळे त्यातलं काही कळायचं नाही, नुसता आवाज हातातून आत यायचा. आई सांगायची की तुझ्या बोलण्यात काही अर्थ नसायचा, तू शाळेतले पाढेच म्हणायचीस. मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तू मला काहीतरी महत्त्वाचं सांगते आहेस. असो. थेंब आत उतरेपर्यंत माणूस काय काय आठवत बसतो.

मग तो दिवस आला. सिस्टरने खांद्यावर टॉवेल टाकला, कानाखाली वाकडं तबक धरायला दिलं आणि कोमट पाण्याची पिचकारी लावली. आधी गुडगुड, मग डोक्यात नदी आल्यासारखं, मी तबक सोडून खुर्ची धरली, पाणी माझ्या सदऱ्यात, सिस्टरच्या चपलेत, डॉक्टरच्या कागदांवर! आणि एकदम काहीतरी सुटलं. तबकात काय पडलं ते वर्णन करत नाही, तू जेवायची असशील, पण सिस्टरने ते डॉक्टरला कौतुकाने दाखवलं. आणि ताई, तिने ते तबक टेबलावर ठेवलं त्याचा आवाज आला. टण्ण. एवढा सुरेख आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी तिला ते तबक पुन्हा ठेवायला लावलं. मग मी "वा!" म्हणालो आणि स्वतःच दचकलो. मी एवढा मोठ्याने बोलतो? म्हणजे त्या दिवशी कपाटाची सगळी हकिकत बाहेरच्या बाकांनी शब्दशः ऐकली असणार. म्हणूनच त्यानंतर लोक मला जागा द्यायचे.

उजव्या कानाचं मात्र डॉक्टरने समोर बसून, माझ्याकडे बघत नीट सांगितलं. तिथे मळ नाही, आतली तारच गेली आहे, ती परत येणार नाही. पुढे यंत्र लावता येईल. घरच्यांना सांगा, म्हणाला, की ओरडू नका. ओरडलं की शब्द फाटतो. डाव्या बाजूला बसून साधं बोललं की पुरे. मी विचारलं, कोणत्या घरच्यांना? तो बिचारा पुन्हा कागदात बघायला लागला. मिशी असली तरी पोर आहे.

घरी आलो. येताना सायकलची घंटा ऐकली, रस्त्यावर स्वतःच्या चपला ऐकल्या, जिन्यात वरच्या मजल्यावरचा शिंपी गातो हे ऐकलं (हे नसतं ऐकू आलं तरी चाललं असतं). कुलूप उघडलं, दाराची बिजागरी किरकिरली, फ्रीज घुरघुरत होता. मी खुर्चीत बसलो. आणि बस, मग काही नाही. ऐकू येत नव्हतं तेव्हा एक सोय होती, ताई. घरात कुणी बोलत असेल तरी मला कळणार नाही असं वाटायचं. ही गेल्यावरसुद्धा वाटायचं, की स्वयंपाकघरात काहीतरी पुटपुटत असेल, नेहमीसारखी, माझ्यावरच वैतागलेली. आता कान उघडला आणि कळलं की कुणी काही म्हणत नाहीये.

म्हणून ताबडतोब तुला फोन लावला. भाचीने उचलला, आणि "मामाऽऽ, बोला!" अशी ओरडली की नवा कान पुन्हा बसायची वेळ आली. मी विचारलं, आई कुठे आहे? ती म्हणाली, आई झोपली आहे, जेवून झोपली आहे, अगदी बरी आहे! हे तिने दोनदा ओरडून सांगितलं. मी बरं म्हटलं आणि ठेवला. कानाचं तिला मुद्दाम बोललो नाही. ही बातमी पहिल्यांदा तुला द्यायची होती. तू दुपारची झोप घेतेस हे कळून समाधान वाटलं. जावईबापूंना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, आणि तिचा घसा सांभाळायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : पोटाच्या पुड्या बऱ्याच उरल्या आहेत. जावईबापूंना लागत असतील तर कळव. गुण नक्की आहे.

आणखी एक ता. क. : तू झोपली नव्हतीस. भाची ओरडायला दम घेत होती तेवढ्यात मागून तू म्हणालीस, "झोपलेय म्हणून सांग गं त्याला. आज ओरडायचं बळ नाही माझ्यात." पलंगावरून म्हणाली असशील, लांबून आलं, पण शब्द न् शब्द आला. मध्ये एकदा श्वासासाठी थांबलीस, तेही आलं. भाचीला रागावू नकोस. वर्षभराने तुझा आवाज ऐकला, आणि तो मला टाळायला काढला होतास, तरी काय गोड लागला म्हणून सांगू! तेव्हा ओरडू नकोस. हे पत्र पोचलं की फोन लाव आणि पलंगावरून बोललीस तसंच बोल. बोलवत नसेल तर फोन उशाशी नुसता ठेव आणि भाचीला काय हवं-नको ते सांगत राहा, किंवा पाढे म्हण. मी डाव्या कानाला लावून बसतो.